दवाखान्याचा सरकारी पैसा कुठनं येतो, कुठं संपतो आणि आपण काय काय करून ठेवायचं (कोल्हापूरकरांसाठी)

मी पतसंस्थेत काम करते, कसबा बावड्यात राहते. डॉक्टर नाही, सरकारी नोकरीतही नाही. पण दीड वर्षापूर्वी आत्तींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पॅरालिसिसचा झटका आला आणि तेव्हापासनं आरोग्याच्या सरकारी पैशाचा हिशोब मला इतका शिकावा लागला की आता गल्लीत कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला फोन मला येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण ही आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. आजारपणाला दोन खर्च असतात. एक दवाखान्यातला आणि दुसरा घरी आणल्यानंतरचा. पहिल्यासाठी सरकारनं पैसा ठेवलाय, तो मिळवता येतो. दुसऱ्यासाठी जवळजवळ काहीच नाही, आणि माणूस खचतं ते दुसऱ्यात. आत्ती दवाखान्यात ९ दिवस होत्या. घरी अंथरुणावर आता सतरावा महिना चालू आहे.

आता पैसा कुठनं येतो ते बघू, थोडक्यातच, पण वगळू नका हा भाग. बऱ्याच जणांना वाटतं की योजनेतनं ऑपरेशन झालं म्हणजे सरकारनं उपकार केले. तसं नाहीये हो. साबणाच्या वडीपासनं मोबाईलच्या रिचार्जपर्यंत आपण जीएसटी भरतोय, पेट्रोलवर कर भरतोय, आणि जे इन्कम टॅक्स भरतात त्यांच्याकडनं वर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षणाचा सेस (म्हणजे करावरचा जादा कर) घेतला जातो. म्हणजे भिशीच आहे ही, फक्त लय मोठी, आणि ह्यात नंबर लागू नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते.

मग ही भिशी सरकारनंच का चालवायची, ज्याची त्यानं खासगी पॉलिसी घ्यावी की, असं आमच्या ऑफिसात एकजण नेहमी म्हणतो. त्याला मी पतसंस्थेचंच उदाहरण देते. समजा आपण आजारपणाची भिशी काढली आणि यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं, तर कोण येणार? ज्याला शुगर आहे, ज्याच्या बापाला हार्टचा त्रास होता, तोच पळत येणार. तरणाबांड तालमीतला पोरगा कशाला येतोय. मग भिशीचा हप्ता वाढतो, हप्ता वाढला की जे थोडे धडधाकट होते तेपण सुटतात, की परत हप्ता वाढतो, आणि शेवटी भिशी मोडते नाहीतर म्हाताऱ्या माणसाला हप्ता परवडत नाही. खासगी पॉलिसी साठीनंतर महाग का होते त्याचं मूळ इथं आहे. सगळ्यांना सक्तीनं आत घ्यायचं असेल तर सरळ रस्ता म्हणजे करातनं. दुसरं कारण म्हणजे दवाखान्यात गिऱ्हाईकाला मालच कळत नाही. टोमॅटो आपण दाबून बघतो, पण एमआरआय खरंच लागतोय का नाही हे आपण कसं ठरवणार, डॉक्टर सांगेल तेच. केनेथ ॲरो नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९६३ सालीच हे मांडलं होतं, की आरोग्याचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही कारण एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला भीती असते.

देशपातळीवरचे आकडेही बघून ठेवा. २०१३-१४ मध्ये भारतात आरोग्यावर खर्च झालेल्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये लोकांनी थेट स्वतःच्या खिशातनं भरले होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. सुधारणा आहे हे मान्य, पण ते कोविडचं वर्ष होतं हेपण लक्षात ठेवा. त्याच वर्षी केंद्र आणि राज्यं मिळून सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करणार असं लिहिलं होतं. ह्या दोन आकड्यांमधली जी फट आहे ना, ती शेवटी आपल्या घरातल्या सोन्यानं भरली जाते. आमच्याकडं सोनं तारण ठेवायला येणाऱ्या बायकांना कारण विचारलं की दवाखाना हे उत्तर इतक्या वेळा येतं की विचारावंसं वाटत नाही.

आता करायच्या गोष्टी.

घरात सगळे ठणठणीत आहेत तोवर, म्हणजे ह्याच आठवड्यात, रेशनकार्ड बाहेर काढा आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का बघा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नसतंय, दोन वर्षांच्या पोराचं नसतंय, आणि आधारवरचं नाव आणि रेशनकार्डवरचं नाव वेगळं असतंय. आत्तींचं आधारवर माहेरच्या बोलण्यातलं नाव होतं, कार्डावर दुसरं. रात्री बारा वाजता काउंटरवर उभं राहून हे सोडवता येत नाही. मग आयुष्मान कार्ड (सरकारच्या मोफत उपचार योजनेचं) काढा, महा-ई-सेवा केंद्रात निघतं, आशाताईंना विचारलं तरी सांगतात, मोबाईलवर ॲपमधनंपण होतं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आधी पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना होती आणि दीड लाखापर्यंत होती, २८ जून २०२३ च्या मंत्रिमंडळ निर्णयात ती राज्यातल्या सगळ्यांना आणि कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत केली. तेव्हा पांढरं कार्ड आहे म्हणून आपल्याला काही नाही असं धरून बसू नका. घरात ७० च्या पुढचं माणूस असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. २९ ऑक्टोबर २०२४ ला ते सुरू झालं, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवर वय दिसलं की झालं.

दुसरी तयारी म्हणजे कुठला दवाखाना कुणाच्या पैशावर चालतो हे माहीत करून घेणं. हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात जास्त उपयोग मला ह्याचाच झाला. कारण आपण सरकारी म्हणतो तेव्हा ते एक सरकार नसतंय, पाकिटं वेगवेगळी असतात. गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं. ग्रामीण रुग्णालयं आणि गडहिंग्लज, कोडोलीसारखी उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडं. शहरातलं पंचगंगा आणि सावित्रीबाई फुले हे दवाखाने महापालिकेकडं. आणि आपलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या मेडिकल कॉलेजला जोडलेलं असल्यानं वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. १५ ऑगस्ट २०२३ पासनं सरकारी दवाखान्यात केसपेपरपासनं सगळं मोफत झालं ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. म्हणून गडहिंग्लजला पैसे लागले नाहीत मग इथं का मागताय म्हणून सीपीआरच्या खिडकीवर भांडणं होतात. खिडकीतल्या माणसाचा त्यात काही दोष नसतो, त्याचं पाकीटच वेगळं.

पाकीट छोटं असलं की काय होतं ते बघायचं असेल तर इचलकरंजीचं इंदिरा गांधी रुग्णालय बघा. नगरपालिकेनं चालवायला घेतलेला एवढा मोठा दवाखाना, पण घरपट्टी-पाणीपट्टीच्या उत्पन्नावर डॉक्टरांचे पगार आणि औषधं पेलवेनात, शेवटी शासनाकडं हस्तांतर करावं लागलं. आजारपणाचा धोका जितक्या जास्त लोकांत वाटला जाईल तितका तो हलका होतो. एका गावानं उचलायचं म्हटलं तर कणा मोडतो.

आता प्रत्यक्ष ऍडमिट करायची वेळ आली तर. १०८ ला फोन करा, ती ॲम्ब्युलन्स फुकट असते. गाडीत बसतानाच, खासगीत जाणार असाल तर, त्या दवाखान्यात योजना आहे का आणि ह्या आजाराला आहे का, दोन्ही विचारा, कारण एखादा दवाखाना हाडांच्या ऑपरेशनला योजनेत असतो पण मेंदूच्या आजाराला नसतो. आत गेल्यावर आरोग्यमित्र कुठं बसतात ते शोधा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात हा माणूस असायला पाहिजे, कागद तपासून ऑनलाइन मंजुरी मागायचं काम तो करतो.

आमच्याबाबतीत काय झालं ते सांगते. रात्री साडेअकराला आत्तींचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, आम्ही जवळ म्हणून एका खासगी दवाखान्यात नेलं. योजना आहे का म्हटल्यावर हो म्हणाले, पण आरोग्यमित्र सकाळी येणार, तोवर पन्नास हजार डिपॉझिट भरा म्हणाले. माझे मालक, म्हणजे मिस्टर, उद्यमनगरात लेथवर काम करतात, रात्री बाराला पन्नास हजार कुठनं आणणार, तीन घरं उठवली आणि बाकीचं एका मित्रानं फोनवरनं पाठवलं. नंतर कळलं की तातडीच्या केसमध्ये फोनवरनं मंजुरी घ्यायची सोय योजनेतच आहे, सकाळपर्यंत थांबायची गरज नव्हती. त्या पन्नास हजारातले अठरा हजार परत मिळालेच नाहीत कारण आमच्याकडं त्याची पक्की पावती नव्हती. म्हणून सांगते, कुणी असं म्हणालं तर तिथंच उभं राहून १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा, केंद्राचा नंबर १४५५५ आहे. आणि पैसे भरलेच तर पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, औषधाच्या चिठ्ठ्यापण ठेवा. योजनेत असलेल्या उपचाराला वेगळे पैसे घेता येत नाहीत, तक्रार करायची म्हटलं तर पावती हाच पुरावा.

दवाखाने असं का करतात हे पण समजून घ्या, म्हणजे बोलताना उपयोग होतो. योजनेत प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. ह्या ऑपरेशनला इतके रुपये, मग पेशंट चार दिवसांत बरा होऊ दे नाहीतर दहा. सरकारच्या बाजूनं हे बरोबरच आहे, नाहीतर बिल वाढवत नेलं असतं. पण दवाखान्याच्या बाजूनं बघा, ज्या पॅकेजमध्ये परवडतं ते पेशंट ते हसत घेतात आणि गुंतागुंतीचा म्हातारा पेशंट आला की बेड नाही म्हणतात. वर क्लेमचे पैसे उशिरा आले की छोट्या दवाखान्याचं खेळतं भांडवल अडकतं. मी पतसंस्थेत दवाखान्यांची कर्जखाती बघते, त्यामुळं ही अडचण खोटी नाही हे मला माहितेय. पण त्याचा भार पेशंटच्या बायकोच्या मंगळसूत्रावर का टाकायचा? दर परवडत नसतील तर दवाखान्यांनी सरकारशी उघड भांडावं, आम्ही त्यांच्या बाजूनं बोलू.

योजनेत बसलंच नाही तर अजून एक दार आहे जे लोकांना माहीत नसतं. मोठे ट्रस्टचे दवाखाने, ज्यांची धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आहे, त्यांना कायद्यानं १० टक्के बेड गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के बेड सवलतीत ठेवावे लागतात. वर्षाला १ लाख ८० हजारापर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारापर्यंत असेल तर सवलतीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. हा दाखलापण आधीच काढून ठेवा.

इथपर्यंत सगळं जमतं. आता घरी आणल्यानंतरचं.

डिस्चार्जच्या दिवशी आम्हाला एक चिठ्ठी मिळाली, त्यावर औषधं आणि फिजिओथेरपी करा एवढंच. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं वगैरे धरलेली असतात, ती मागून घ्या, आम्ही मागितली नव्हती. त्यानंतर मात्र ऍडमिट नसलेल्या पेशंटचा खर्च ह्या योजनांत येत नाही. आत्तींना कूस बदलायला माणूस लागतं, दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. आम्ही दिवसाची मावशी लावली, ७०० रुपये रोज. महिन्याला २१ हजार. दोन महिन्यांत बंद केली आणि मी बिनपगारी रजा काढली, मग अर्धवेळ झाले.

आता सरकारी मदत बघा. ६५ च्या पुढं श्रावणबाळ योजना आणि त्याच्या आतल्या निराधार, विधवा, अपंग माणसाला संजय गांधी निराधार योजना, दोन्हीत महिना १,५०० रुपये, जुलै २०२३ च्या आधी १,००० होते (दिव्यांगांचे आकडे वेगळे, ते पुढं सांगते). अट काय, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत. आमच्या मावशींचा एका महिन्याचा पगार आणि ह्या योजनेची अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा एकच आहे! आणि मिळणाऱ्या १,५०० मध्ये मावशी दोन दिवस आणि थोडा वेळ येईल. ह्याला सांभाळणं म्हणायचं का?

तरी जे आहे ते घ्या. झटका येऊन काही महिने झाले आणि हात-पाय आलाच नाही तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा, त्याचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं, योजनांसाठी ४० टक्के किंवा त्याच्या वर लागतं, सीपीआरला तपासणी होते. दिव्यांगांसाठी निराधार योजनेत उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे आणि रक्कम २०२५ मध्ये २,५०० केली. अर्ज तहसील ऑफिसातल्या संजय गांधी शाखेत. दुसरं म्हणजे ग्रामपंचायत असो, नगरपालिका असो, महापालिका असो, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. व्हीलचेअर, वॉटरबेड, एकरकमी मदत, काय देतात ते विचारा, कितीतरी ठिकाणी मागणाराच येत नाही म्हणून पडून राहतो तो निधी. फिजिओथेरपी सरकारी रुग्णालयात मिळते, पण रोज पेशंट उचलून न्यायचा रिक्षाखर्च आपला, म्हणून आम्ही आठवड्यात दोनदा नेतो, बाकीचे दिवस मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवलाय तो बघून घरी करतो. कायमच्या गोळ्या जनऔषधीत घ्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांत बराच फरक पडतो.

परदेशात सगळं फुकट असतं असं आपल्याकडं बोलतात, तर तसं नाही. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ पासनं दवाखाना करातनं मोफत आहे, पण घरी किंवा वृद्धाश्रमात सांभाळायला माणूस पाहिजे तर आधी तुमची मालमत्ता मोजतात, आणि २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च तुमचा तुम्ही करायचा. तो आकडा कित्येक वर्षं तिथंच आहे. म्हणजे कॅन्सर झाला तर सरकार, विस्मरणाचा आजार झाला तर राहतं घर विका, असं तिथल्या लोकांचंही रडगाणं आहे. जर्मनीनं १९९५ मध्ये आणि जपाननं २००० मध्ये मात्र सांभाळण्याचा वेगळा विमाच काढला. जपानमध्ये चाळिशी ओलांडली की प्रत्येकाचा हप्ता कापला जातो आणि साधारण अर्धा भार सरकार करातनं उचलतं. जर्मनीत घरच्याच माणसानं सांभाळलं तर रोख भत्ता मिळतो, आणि त्या सांभाळणाऱ्याच्या पेन्शनमध्येपण भर घालतात. हे वाचलं त्या दिवशी मला रडूच आलं, कारण माझा पीएफ अर्धा झाला त्याचा विचार कुणी करत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि जर्मनीच कशाला, केरळ बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी तिथं आश्वासकिरणम नावाची योजना आहे, महिना ६०० रुपये. रक्कम छोटीच, पण ती पेशंटला नाही, सांभाळणाऱ्याला आहे, हे काम आहे असं सरकारनं मान्य केलं. २००८ पासनं तिथं पॅलिएटिव्ह केअरचं (म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायच्या सेवेचं) धोरण आहे आणि पंचायतीच्या पैशातनं नर्स घरी येऊन जखमा बघून जाते. कोल्हापूरला सहकारातलं काही शिकवायला लागत नाही, दुधाच्या दोन लिटरवर आपण गोकुळ उभा केला. घरी येणाऱ्या नर्सचा पगार आठ-दहा गावांना मिळून पेलणार नाही असं मला वाटत नाही.

तोवर हा खर्च कोण उचलतंय? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आलंय की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं करतात आणि पुरुष ९७ मिनिटं, वर माणसं सांभाळायचा वेळ बायकांचा १३४ आणि पुरुषांचा ७६. सरकारच्या बजेटात जी रक्कम दिसत नाही ती इथं आहे. म्हणून माझी एक विनंती आहे, वही घाला. कोण किती तास उठलं, किती रजा गेली, डायपर, रिक्षा, औषध, सगळं तारखेनिशी लिहा. उपयोग दोन ठिकाणी होतो. घरात, कारण नणंद-दिरांशी वाटणीचं बोलताना आकडा समोर असला की भांडण होत नाही. आणि बाहेर, कारण ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडं त्रास होतोय म्हटलं तर मान हलवतात, पण महिन्याला २१ हजार आणि १८० तास म्हटलं की ऐकतात.

शेवटचं काम, प्रश्न विचारायचं. बजेट मोठं असतं म्हणून घाबरू नका, आपल्या पाकिटापुरतं विचारा. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला किती पैसे आले आणि कशावर गेले. शहरात असाल तर महापालिकेनं दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतले गेल्या वर्षी किती खर्च केले. तोंडी सांगितलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेवढेपण लागत नाहीत. आणि एक प्रश्न माझ्यासाठी विचारा, रक्तदाबाच्या गोळ्या उपकेंद्रात वर्षातले किती दिवस नव्हत्या.

कारण आत्ती झटक्याच्या आधी चार महिने त्यांच्या माहेरच्या गावी भावाकडं होत्या. तिथं दोनदा गोळ्या आणायला गेल्या, दोन्ही वेळा संपल्यात म्हणून परत पाठवलं, तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत, आणि आम्हाला काही बोलल्या नाहीत. २०१७ च्या त्याच धोरणात लिहिलंय की आरोग्याचा दोन तृतीयांश पैसा प्राथमिक उपचारांवर जावा. आता दर महिन्याच्या एक तारखेला मी तिकडच्या आशाताईंना फोन करते, गोळ्या आल्यात का विचारते, आणि नसतील तर वहीत तारीख लिहिते. गेल्या सहा महिन्यांत दोन तारखा झाल्यात, तिसरी झाली की अर्ज टाकणार आहे.